आळणी अण्णा

हुबळीत कोणी भेटले की "ऊटा आतेन्री?" असे विचारण्याची रीत आहे. म्हणजे, जेवण झाले का? त्यावर "आतु", झाले, एवढे म्हणून पुढे जायचे असते. विचारणाऱ्यास उत्तराची अपेक्षा नसते आणि देणाऱ्यावर सत्याचे बंधन नसते. कमरीपेठेतील आरसेवाले अण्णा मात्र हा प्रश्न विचारून थांबत असत.

"आतु," आपण म्हणावे.

"काय काय?"

येथून पुढे सुटका नसे. भाकरी ताजी की शिळी, ताक गोड की आंबट, आणि अखेर भर रस्त्यात, "सकाळी पोट साफ?" एवढे झाल्यावर आपल्या कपाळावरील पुळीकडे पाहून ते समाधानाने म्हणत, "मग बरोबर आहे की!"

"कातडी म्हणजे पोटाची पाटी," हा त्यांचा सिद्धान्त. आत जे शिजते, तेच बाहेर उमटते. अशा पुरुषाने आरशांचे दुकान थाटावे, ही दैवाची योजना अतर्क्य म्हटली पाहिजे. गिऱ्हाईक आरशात स्वतःचे तोंड पाही आणि अण्णा गिऱ्हाइकाचे. "आरसा राहू दे. आधी एरंडेल घे. तोंड बघण्यासारखं झालं की ये." त्यामुळे कमरीपेठेत आरसे कमी आणि एरंडेल अधिक खपे.

ऐंशी सालाच्या आगेमागे मी जुन्या हुबळीतील एका पाठशाळेत व्याकरण शिकवीत असे. पितृपक्षात अनेक घरी पंक्तीस बसावे लागे. एके वर्षी त्या पक्षाच्या शेवटी माझ्या नाकाच्या शेंड्यावर गळू उठले. अण्णांनी मला दुकानासमोरच अडवले.

"शास्त्रीबुवा, उडदाचे वडे?"

मी होय म्हणालो.

"किती घरचे?"

मी मौन धरले. मौनास शास्त्राची अनुमती आहे.

"पितर तृप्त झाले, बरं झालं," अण्णा म्हणाले. "आतड्यांचं तर्पण कोण करायचं?"

सांगण्यास संकोच वाटतो. परंतु मुगाच्या कढणावर राहिल्यावर गळू बसले.

अण्णा स्वतः मीठ खात नसत. आंबट नाही, तळलेले नाही, दुधाबरोबर फळ नाही. उकडलेले मूग आणि मऊ भात, तोही आळणी. म्हणून गाव त्यांना पाठीमागे 'आळणी अण्णा' म्हणे. ते एकटेच राहत. लग्न का केले नाही असे कोणी विचारलेच, तर "आळणी स्वयंपाक करणारी मिळाली नाही," म्हणत. ऐन वैशाखातही लांब बाह्यांचा सदरा घालून मनगटाशी गुंड्या लावीत. "हातांना वारा लागला की जठराग्नी मंदावतो," हे त्यांचे त्यावरचे वचन. त्याचा आधार मी पुष्कळ ग्रंथांत शोधला. आढळला नाही. ग्रंथच अपूर्ण असावेत, असे मी मानले.

त्यांना मात्र "ऊटा आतेन्री?" कोणी विचारत नसे. ते सविस्तर सांगतील, हे भय सर्वांस होते.

त्यांच्या दुकानाला लागून एका किराणा व्यापाऱ्याचे घर होते. त्या व्यापाऱ्याची मुलगी नलू मॅट्रिकच्या वर्गात शिकत होती. त्या वर्षी तिच्या ओठाच्या कडेस एक पांढरा डाग दिसू लागला. तिच्या आजीने, गोदाक्कांनी, निदान केले, "कोड आहे. दुधावर आंबट खाल्लंय कार्टीनं." लागलीच नलूचे मीठ बंद झाले, दही बंद झाले आणि लोकांनी तोंड पाहू नये म्हणून शाळाही बंद झाली. प्रत्येक जेवणाला "आठव, काय खाल्लं होतंस?" ही चौकशी. पोर दिवसेंदिवस वाळत चालली.

एके सकाळी मी गंध लावण्यासाठी लहानसा आरसा पाहत अण्णांच्या दुकानात उभा होतो. गोदाक्का नलूला हाताला धरून आत आल्या.

"अण्णा, ही काही कबूल होईना. तोंड बघून तुम्हीच सांगा, काय खाल्लं हिनं?"

"वर बघ की, बाळ," अण्णा म्हणाले. त्यांनी त्या डागाकडे बराच वेळ पाहिले. मी सिद्धान्ताच्या प्रतीक्षेत उभा राहिलो.

"काही नाही," अण्णा म्हणाले.

"काही नाही म्हणजे?"

"काहीच चुकीचं खाल्लं नाही. हिच्या पोटाचा ह्यात काही संबंध नाही."

"कातडी म्हणजे पोटाची पाटी, तुम्हीच म्हणता की हो!"

"म्हणतो. ह्या पाटीवर पोटानं लिहिलेलं नाही."

"बरं, मग मीठ? मीठ सोडलं की जातंय म्हणतात."

अण्णांनी मनगटाची गुंडी काढली आणि बाही सावकाश कोपरापर्यंत सारली. हात मनगटापासून वर शंखासारखा पांढरा होता.

"साखरपुडा झाल्यावर उठलं," ते म्हणाले. "मुलीकडच्यांनी विचारलं, काय खाल्लं होतंत? मला सांगता आलं नाही. ते लग्न मोडून गेले. तेव्हापासून मीठ सोडलंय, गोदाक्का. बघा. मिठानं जायचं असतं तर कुठच्या कुठं गेलं असतं."

रस्त्यातील प्रत्येकाला ते जो प्रश्न विचारीत, तो मूळ कोणाचा होता, हे मला त्या क्षणी उमगले.

"मग करायचं काय?" गोदाक्कांचा आवाज उतरला होता.

"मोठ्या दवाखान्यात दाखवा. गुण येईल, न येईल. पोरीला शाळेत धाडा आणि आमटीत मीठ घाला. कोड आलंय ना तिला? मग कोड पुरवा तिचं."

उभा जन्म व्याकरणात गेला. परंतु एका शब्दाचे दोन अर्थ इतके जवळ बसलेले मी कधी पाहिले नव्हते.

काही दिवसांनी मी त्या दुकानात पुन्हा गेलो. माझा आरसा राहून गेला होता. शाळा सुटली होती. नलू दप्तरासह दुकानाच्या पायरीशी थांबली.

"अण्णा, ऊटा आतेन्री?" तिने विचारले आणि ती तेथेच उभी राहिली.

"आतु" म्हणून अण्णांना सुटता आले असते.

"इल्ला," ते म्हणाले. नाही.

नलूने कागदात बांधलेली मिरचीची भजी पुढे केली. अण्णांनी त्या भज्यांकडे पाहिले, तिच्याकडे पाहिले. त्यांच्या सदऱ्याच्या बाह्या कोपराशी दुमडलेल्या होत्या. त्यांनी एक भजे उचलून तोंडात घातले आणि पुष्कळ वेळ चावले.

"मीठ जास्त झालंय," अण्णा म्हणाले आणि त्यांनी दुसरे उचलले.