कपाटातली कॉलेट

एका जंगलात, मुलांनो, झाडं कमी आणि दारं जास्त झाली होती. सिंहमहाराजांना गुहेला दार हवंसं वाटलं, मग सगळ्यांनाच हवंसं वाटलं. तेव्हा अस्वलशेठनी नक्षीदार दारांचा कारखाना काढला.

कारखान्यात एक राउटर होता. राउटर म्हणजे गरगर फिरून लाकडात नक्षी कोरणारं यंत्र. कोरतं ते त्यातलं पातं. त्याला बिट म्हणतात. आणि त्या बिटाची मान आवळून धरते ती कॉलेट, पोलादाची एक चिरा पाडलेली कडी. तिची पकड सुटली, तर बिट कुठं जाईल ते कोणी सांगू शकत नाही.

राउटर गेनू ससा चालवायचा. कॉलेट आतून झिजली होती. बिट चालता चालता खाली सरकायचं आणि नक्षीतल्या मोराच्या गळ्याला खड्डा पडायचा.

गेनू सुपरवायझर कोल्ह्याकडे गेला. "साहेब, कॉलेट बदला. एक दिवस बिट उडून तोंडावर येईल."

"तुटली का?"

"तुटली नाही. झिजलीय."

"मग तुटल्यावर ये की. आत्तापासून कशाला रडतोस?"

"नवी आहे ना साहेब, त्या कपाटात."

होती खरी. यंत्राबरोबरच आली होती. शेठनी ती ऑफिसातल्या काचेच्या कपाटात, लाल मखमलीवर ठेवली होती. पाहुणे आले की शेठ तिच्याकडे बोट दाखवून म्हणत, "आपल्याकडे सगळं ओरिजिनल असतं."

"ती शोची आहे," कोल्हा म्हणाला. "वापरली की जुनी होईल. तू पान्याला पाइप लाव आणि आवळ. अंगात जोर नाही का? गाजरं बदल."

सगळे हसले. गेनूने पाइप लावून आवळलं. त्या जोराने कॉलेट आणखीच बिघडली.

"उद्या नका जाऊ," घरी त्याची बायको शेवंता म्हणाली.

"महाराजांचं दार दसऱ्याला द्यायचंय. तेवढं होऊ दे."

खंडेनवमीला यंत्रांची पूजा झाली. शेठनी राउटरला हार घातला, हळदकुंकू वाहिलं आणि भक्तिभावाने कॉलेटच्या तोंडात पळीभर तेल सोडलं.

दुसऱ्या दिवशी गेनू फडकं घेऊन आला. कोल्हा ओरडला, "अरे, पूजेचं तेल पुसतोस? शेठची श्रद्धा आहे ती!"

"साहेब, तेलावर पकड कशी बसेल?"

"देव आहे ना! चालू कर."

देव होता की नाही ते ठाऊक नाही. तेल होतं. बिट सुटलं, आणि गेनू घरी गेला नाही.

शोकसभा फार छान झाली, मुलांनो. शेठ रडले. गेनू किती हसतमुख होता ते कोल्ह्याने सांगितलं. गेनूला हसताना कोणी पाहिलं नव्हतं. हसायचे ते बाकीचे. फोटोची चौकट त्याच राउटरवर कोरली. दुसरा एक ससा कोरत होता आणि कोल्हा खांबाआड उभा राहून सूचना देत होता. चौकटीच्या कोपऱ्यात खड्डा पडला. तिथं झेंडूचं फूल खोचलं.

मग शेठनी गेनूच्या जागी शेवंताला कामावर घेतलं. जंगलभर त्यांच्या दयेचं कौतुक झालं.

पहिल्या दिवशी कोल्ह्याने तिच्या हातात पाना आणि पाइप दिला.

"कॉलेट तीच?" शेवंताने विचारलं.

"पुसून घेतलीय, वहिनी."

"कपाटातली नवी द्या ना, भाऊ."

कोल्ह्याने आवाज हळवा केला. "ती आता कशी देणार? शेठनी ती गेनूच्या स्मरणार्थ ठेवलीय. खाली त्याच्या नावाची पाटी लावलीय, पाहिली नाहीत?"

शेवंताने पाटी पाहिली. मग पदर खोचला आणि पाइप पान्यावर चढवला.

तात्पर्य : मुलांनो, वस्तू नेहमी जपून ठेवाव्यात. कुलपात जपलेली वस्तू कधीच झिजत नाही. यंत्रापाशी उभे राहणारे काय, बदलून मिळतात.