मामा पोचलेत

वायरमनची बायको पहाटे गेली. स्मशानातली वेळ अकराची मिळाली. दहाच्या आत गाडी दारात लागली, शेजारपाजारचे लोक जमले, मुलगी सासरहून आली, तिचं रडूनही झालं. यायचे राहिले होते ते एकटे मामा.

मामा म्हणजे बायकोचे मोठे भाऊ. तिच्या माहेरचं तेवढं एकच माणूस उरलं होतं. राहायचे याच शहरात, दुसऱ्या टोकाला. पण मामा कुठे वेळेवर पोचले, असं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. बहिणीच्या लग्नाला आले तेव्हा पाहुणे जेवून हात पुसत होते. भाची झाली म्हणून बघायला आले, तर दार उघडायला भाचीच चालत आली.

बहीण नेमकी उलटी. ती हॉस्पिटलात नर्स होती. कितीही ताप असो, पाऊस असो, ड्यूटीवर वेळेच्या आधी हजर. "मी उशिरा गेले तर आधीची बाई उशिरा सुटते," म्हणायची. "तिच्याही घरी कुणीतरी दाराकडे डोळे लावून बसलेलं असतं."

वायरमनच्या मनात त्या सकाळी दोनच गोष्टी होत्या. तिला तिच्या वेळेवर न्यायचं. आणि भावाने तोंड बघितल्याशिवाय न्यायचं नाही. या दोन्ही एकत्र जमायच्या नाहीत, हे त्याला सोडून सगळ्यांना कळलं होतं.

"मामांना थेट तिकडेच बोलवा ना," शेजारच्या काकू म्हणाल्या.

"तिकडे बोलावलं तर सगळं आटोपल्यावर येतील," वायरमन म्हणाला. "इथेच येऊ देत. ती त्यांची वाट बघत आयुष्यभर थांबली. आता थोडं आणखी."

मुलीने फोन लावला. "मामा, कुठे आहात?"

"पोचलो," मामा म्हणाले.

तिने फोन ठेवला. "पोचलो म्हणाले."

घरभर एक सुस्कारा फिरला. मामांच्या शब्दांचे अर्थ या घरात ठरलेले होते. निघालो म्हणजे जाग आली. रस्त्यात आहे म्हणजे दाढी चाललीय. आणि पोचलो म्हणजे चपला सापडत नाहीत.

"म्हणजे अजून तासभर," काकू म्हणाल्या आणि टेकायला जागा शोधू लागल्या.

गाडीचा ड्रायव्हर आत डोकावला. "काका, मला अजून एका ठिकाणी जायचंय. तिथली माणसंही अशीच उभी असतील."

"पाच मिनिटं," वायरमन म्हणाला, आणि त्याची त्यालाच लाज वाटली. आयुष्यात पहिल्यांदा त्याने मामांचं वाक्य वापरलं होतं.

गल्ली अरुंद. गाडीच्या मागे पाण्याचा टँकर येऊन अडकला, टँकरमागे दोन रिक्षा. टँकरवाल्याने हॉर्नवर हात दाबून धरला. कुणीतरी त्याला खुणेने सांगितलं, मयत आहे. त्याने खाली उतरून नमस्कार केला, परत चढला आणि पुन्हा हॉर्न दाबला.

"मी जरा पुढून वळसा घालून येतो," म्हणून ड्रायव्हरने गाडी काढली. वळसा घालता घालता त्याला त्या दुसऱ्या घरून फोन आला. तो तिकडेच गेला.

आता मामाही नव्हते आणि गाडीही नव्हती.

तेवढ्यात मामांचाच फोन आला. मुलीने सगळ्यांना ऐकू जाईल असा लावला.

"अगं, मी केव्हाचा येऊन बसलोय! तुम्ही कुठे आहात?"

"घ्या!" काकू म्हणाल्या. "चोराच्या उलट्या बोंबा."

"मामा," मुलीचा आवाज फुटला, "आजच्या दिवशी तरी नको हो." तिने फोन बंद केला आणि पदरात तोंड खुपसून रडायला लागली. वायरमनने पुन्हा नंबर फिरवला, तर मामांचा फोनही बंद. त्याची बॅटरी कधी धड भरलेली नसायचीच.

वायरमन आत गेला. बायकोच्या चेहऱ्याकडे बघत थोडा वेळ उभा राहिला. मग बाहेर येऊन म्हणाला, "चला. हिला आता आणखी थांबवायचं नाही."

त्याच्या मालकाचा टेम्पो कोपऱ्यावर होता. त्यात वायरची बंडलं आणि एक लांब शिडी.

"शिडी उतरवू का?" टेम्पोवाल्याने विचारलं.

"राहू दे. वेळ नाही."

अशी ती निघाली. एका बाजूला शिडी, एका बाजूला वायर, मध्ये ती. घरचे लोक टेम्पोत तिच्याभोवती उकिडवे बसले. शिडी हलायची तेव्हा वायरमन ती हाताने धरून ठेवायचा. हातालाही सवय होती.

स्मशानात पोचले तेव्हा अकरा कधीच वाजून गेले होते. गेटवरचा कारकून धावतच आला.

"तुम्हीच ना ते? या गृहस्थांनी डोकं खाल्लंय माझं! टायर पंक्चर झालाय म्हणे. मग रेल्वेचं फाटक लागलंय. कोपऱ्यावर तर तुम्ही चारदा आलात!"

त्याच्यामागे मामा उभे होते. इस्त्रीचा शर्ट, विंचरलेले केस, घामाने डबडबलेले.

"मामा! तुम्ही इथे?" मुलगी म्हणाली.

"इथे म्हणजे? सांगितलं ना, येऊन बसलोय म्हणून! म्हटलं, घरी यायचं तर मला उशीर होणार. निदान आज माझ्यापायी तिला थांबायला लागू नये. म्हणून थेट इथे आलो." मामांचा आवाज चढला. "आणि तुम्ही लोक! काही वेळेची किंमत? हे साहेब दुसऱ्यांना आत घेणार होते. मी काय काय सांगून..."

तेवढ्यात टेम्पोचं मागचं फळकूट खाली पडलं. मामांना शिडी दिसली, वायर दिसली, बहीण दिसली.

मामांनी राखून ठेवलेल्या या वेळेपायी झाडाखाली दुसरी एक मयत थांबून होती. शेजारी दगडावर एक म्हातारी बसलेली. तिची मुलं सारखी घड्याळ बघत होती. वायरमन म्हातारीपुढे जाऊन हात जोडून उभा राहिला.

"आजी, आमच्यामुळे तुमचा खोळंबा झाला. तुम्ही आधी जा."

"तुमचं कोण?"

"बायको."

"माझा नवरा," म्हातारी म्हणाली. "त्याला कुठली आलीय घाई. पोरांना आहे." आणि मुलांच्या आधाराने उठली.

वायरमन आणि मामा बाकावर बसले. समोर ती.

"भाऊजी, मी आज खरंच वेळेवर आलो होतो."

"हो."

"कुणीच बघितलं नाही."

"तिला सांगितलं असतं तरी पटलं नसतं," वायरमन म्हणाला.

मामांना हसू फुटलं. मग वायरमनलाही. दोघं तोंडावर हात धरून हसले, आणि हसता हसता मामांचे खांदे वेगळेच हलू लागले. "किती जड जातं हो थांबायला," ते म्हणाले. "मला माहीतच नव्हतं."

सकाळपासून वायरमनला तिच्याजवळ नुसतं बसायला आत्ता कुठे मिळालं होतं. तिच्या कपाळावर माशी बसली की तो ती हाताने उडवायचा. बाकी काही काम नव्हतं.

कारकुनाने हाक मारली, "चला, तुमचा नंबर आला."

वायरमन उठला नाही.

"जरा थांबता का?" तो म्हणाला. "थोडंच."

कारकून गोंधळून मामांकडे बघू लागला. गेटमधून आणखी एक गाडी आत येत होती. तिच्यामागून माणसं चालत होती.

मामा उठले. त्यांनी वायरमनच्या दंडाला धरलं.

"उठा, भाऊजी," ते म्हणाले. "मागं लोक थांबलेत."