केरबा बगळ्याचं पिस्तूल आणि खवलेसाहेबांची जीभ

एका जंगलात, कोणत्या ते सांगत नाही, सांगितलं तर तिथले लोक शिंगं घेऊन माझ्या दारात येतील, केरबा नावाचा एक बगळा राहत होता.

बाळांनो, केरबाकडे एक पिस्तूल होतं.

बगळ्याकडे पिस्तूल कुठून आलं, असं मध्येच विचारू नका. होतं. आणि ते त्याला शोभायचंही. बगळा एका पायावर उभा राहतो. दुसरा पाय नुसताच पोटाशी दुमडून ठेवलेला असतो. त्यात पिस्तूल दिलं, की झाला नेमबाज! शिवाय बगळ्याइतकं न हलता उभं राहणं कुणाला जमतं? माशाला वाटतं, हा बांबूच आहे. कवठालाही तसंच वाटायचं.

आता कवठाचं काय, ते ऐका.

केरबाच्या जंगलाला आपण धावडबन म्हणू. नदीच्या त्या बाजूला पल्याडचं जंगल. उन्हाळ्यात नदी आटायची आणि मधोमध एकच डोह उरायचा. पूर्वी या डोहासाठी दोन्ही जंगलं शिंगांनी, दातांनी भांडायची. मग सगळ्यांचे दात दुखायला लागले. तेव्हा ठरलं, की दर चैत्रात एकेका जंगलाने एकेक नेमबाज पाठवायचा. समोरच्या काठावर कवठ टांगायचं. पाच पाच गोळ्या. ज्याचे नेम जास्त, त्याच्या जंगलाचा डोह. जो हरेल त्याने सूर्य बुडायच्या आत डोहावरून उठायचं आणि सात कोसांवरच्या तळ्याकडे चालू पडायचं.

हत्ती चालू शकतो हो. पण दर चैत्रात केरबाची तीन पिल्लं डोहावरच्या जांभळीवर घरट्यात असायची. त्यांना तेव्हा पंखच फुटलेले नसायचे. सात कोस कशाने जाणार? म्हणून केरबा जिंकायचा. तीन वर्षं सलग जिंकला.

चौथ्या वर्षी स्पर्धेला महिना उरला असताना सिंहमहाराज डोहावर पाणी प्यायला आले. पाणी पिऊन झालं. काहीतरी राजासारखं बोलायला हवं म्हणून त्यांनी विचारलं, "काय रे केरबा, ते पिस्तूल साफ कधी करतोस?"

"नेम फाकायला लागला की करतो, महाराज."

"म्हणजे कधी?"

"म्हणजे नेम फाकायला लागला की."

"तारीख सांग."

"तारीख नाही, महाराज. वरून रोज पुसतो. पण नळी आतून सारखी घासली, की पहिली गोळी भरकटते. आत जराशी काजळी बसली, की पुढच्या सरळ जातात. नळीची पण सवय असते."

महाराजांनी आयाळ झटकली. "काजळी? धावडबनाच्या पिस्तुलात? आणि तू हे पाहुण्यांसमोर झाडतोस?"

झालं! दुसऱ्याच दिवशी पिस्तूल स्वच्छता समिती बसली. अध्यक्ष म्हणून मोर. मोराने जन्मात पिस्तूल हातात धरलं नव्हतं, पण स्वतःची पिसं तो दिवसातून चौदा वेळा साफ करायचा. सदस्य म्हणून रानडुक्कर. घाणीचा त्याच्याइतका अनुभव कुणाला नव्हता. केरबाला समितीत घ्यावं, असं एका सशाने सुचवलं. मोर म्हणाला, "छे छे, त्याचा यात हितसंबंध आहे. तो नेम मारतो."

समितीने ठराव केला. पिस्तूल रोज साफ करायचं. स्पर्धेत तर प्रत्येक गोळीआधी. नळीच्या आत कोण शिरणार, हा प्रश्न आला. तेव्हा समितीने खवल्या मांजराला बोलावलं. बाळांनो, खवल्या मांजराची जीभ हातभर लांब असते. वारुळात घालायची आणि मुंग्या ओढून काढायच्या, हा त्याचा पिढीजात उद्योग. पिस्तुलाची नळी म्हणजे त्याच्या दृष्टीने एक छोटं, अंमळ गरीब वारूळ.

नेमणूक झाल्या दिवसापासून सगळे त्याला खवलेसाहेब म्हणू लागले.

खवलेसाहेबांनी पहिल्या सकाळी नळीत जीभ घातली, फिरवली, बाहेर काढली. "काजळी," ते म्हणाले. समितीने माना डोलावल्या.

आता गंमत अशी, की साहेबांची थुंकी चिकट. चिकट आणि किंचित गोड. मला कसं ठाऊक, ते जाऊ द्या. नळीत ती थुंकी वाळली. संध्याकाळपर्यंत चाळीस मुंग्या आत शिरल्या. दुसऱ्या सकाळी साहेबांनी जीभ घातली आणि ते मचमच करतच बाहेर आले.

"मुंग्या!" ते म्हणाले. "चाळीस!"

"बघा!" मोर ओरडला. "आपण साफ केलं नसतं, तर हे कळलं तरी असतं का?"

"पण साफ करण्याआधी मुंग्या नव्हत्या," केरबा म्हणाला.

"तू मोजल्या होत्यास?"

"नाही."

"मग?"

यावर काय म्हणायचं, ते तुम्हाला सुचलं असेल, तर मनात ठेवा. मोठेपणी उपयोगी पडेल आणि तेव्हाही मनातच ठेवावं लागेल.

दिवसातून दोनदा साफसफाई सुरू झाली. थुंकी दुप्पट झाली. मुंग्या ऐंशी झाल्या. मग चारदा. मग सातदा. चैत्र लागेपर्यंत पिस्तूल दिवसातून अकरा वेळा साफ होत होतं आणि नळीत मुंग्यांच्या दोन बायकांची बाळंतपणं झाली होती. झाडाझाडांवर पाट्या लागल्या. माकडांनी नळीकडे तोंड करून स्वच्छतेची शपथ घेतली. खवलेसाहेबांच्या पोटाला गोलाई आली. "कामाचा ताण," ते म्हणायचे.

केरबाला सरावासाठी पिस्तूल काही मिळेना. ते सदैव साहेबांच्या तोंडात. तो बिचारा काटकी धरून उभा राहायचा आणि तोंडाने "ठो" म्हणायचा.

त्याची बायको सुंद्री वरून बघायची. "अहो, असं ठो ठो करून कवठ पडतं का?"

"अगं, नेम तरी विसरणार नाही."

"आणि पोरं? पंख फुटायला अजून पंधरा दिवस आहेत त्यांना. हरलात, तर मी एकेकाला चोचीत धरून सात कोस नेऊ? तीन खेपा? मधे घारी काय भजन करत बसल्यात?"

 केरबाने काटकी पुन्हा उचलली.

इकडे सिंहमहाराजांना एवढा अभिमान चढला, की त्यांनी पल्याडला निरोप धाडला. यंदापासून नियम असा, की साफ न केलेल्या पिस्तुलातून झाडलेली गोळी धरायची नाही. पल्याडकरांनी लगेच होकार दिला. त्यांचा नेमबाज होता खिदळे नावाचा एक तरस. त्याने नियम ऐकला, आपल्या पिस्तुलाच्या नळीत "फू" केलं आणि म्हणाला, "झालं साफ."

स्पर्धेचा दिवस उजाडला. दोन्ही काठ भरले. पंच म्हणून डोहातलं म्हातारं कासव बसलं. कासवाला दोन्ही जंगलं मानायची, कारण ते कुणाचंच ऐकून घ्यायला मान बाहेर काढत नसे. सूर्य पळसाच्या शेंड्यावर येईपर्यंत दोघांनी पाच पाच गोळ्या संपवायच्या होत्या.

आधी खिदळे. प्रत्येक गोळीआधी फू करायचा. पण तरसाच्या जातीला चाप ओढताना हसू येतं. हसला, की हात हलायचा. पाचांत दोन कवठं फुटली, तीन गोळ्या रानात गेल्या.

"दोन!" कासव आतूनच म्हणालं.

मग केरबा. खवलेसाहेबांनी जीभ घातली, फिरवली, काढली. मोराने पिसारा फुलवून "स्वच्छ!" अशी ललकारी दिली. केरबाने पाय दुमडला, नेम धरला, चाप ओढला.

गोळी कवठाकडे गेलीच नाही. ती वळली आणि मोराच्या पिसाऱ्यातला एक डोळा घेऊन गेली.

"साफसफाई कमी पडली," मोर शेपटीकडे बघत म्हणाला. "साहेब, पुन्हा!"

साहेबांनी पुन्हा जीभ घातली. यावेळी चांगला वेळ घेतला. दुसरी गोळी सरळ वर गेली. ती अजून खाली आलेली नाही. धावडबनातले लोक आजही त्या जागेवरून डोक्यावर पान धरून जातात.

दोन गेल्या. तीन उरल्या. जिंकायला तीनही लागणार होत्या. जांभळीवर सुंद्रीने पिल्लांवर पंख पसरले.

"साहेब, तिसऱ्यांदा!" मोर ओरडला.

साहेब पुढे आले. तोंड उघडलं. पण जीभ काही बाहेर येईना. सकाळपासून एवढ्या मुंग्या पोटात गेल्या होत्या, की आत जिभेलाच जागा उरली नव्हती. साहेबांनी एक ढेकर दिली, अंगाची गुंडाळी केली आणि सर्वांदेखत घोरायला लागले.

रानडुकराने त्यांना नाकाने ढोसलं. साहेब चार हात घरंगळले आणि तिथे घोरायला लागले.

"आता?" केरबाने विचारलं.

"थांब," मोर म्हणाला. "समितीची बैठक घेतो."

सूर्य पळसाच्या शेंड्याला टेकत होता. केरबाने वर पाहिलं. मग त्याने समितीची वाट न बघता पाय दुमडला. नळीत दुसऱ्या गोळीची ताजी काजळी होती.

ठो! कवठ फुटलं.

ठो! दुसरं फुटलं.

ठो! तिसऱ्याचा तर गर उडून पल्याडच्या वाघाच्या मिशीला लागला.

धावडबनाने एकच गलका केला. सिंहमहाराजांनी आरोळी ठोकली. मोर नाचला. आणि तेवढ्यात खिदळे पुढे आला. पहिल्यांदाच तो हसत नव्हता.

"पंचकाका, हरकत आहे. शेवटच्या तीन गोळ्यांआधी पिस्तूल साफ केलं कुठं? नियम यांच्याच राजाचा. गोळ्या बाद. दोन विरुद्ध शून्य. डोह आमचा."

 गलका थांबला आणि साहेबांचं घोरणं दोन्ही जंगलांना ऐकू आलं.

कासवाने वीस वर्षांत पहिल्यांदा मान बाहेर काढली. "केरबा, इकडे ये. एक पाय चिखलात ठेव आणि सांग. साफ केलं होतं की नाही?"

बाळांनो, इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. केरबा माशांशी रोज खोटं बोलायचा. डोळे मिटून साधू असल्याचं सोंग करायचा. तो त्याचा धंदा होता. पण पिस्तुलाबद्दल तो आजवर एक शब्द खोटं बोलला नव्हता. राजाशीसुद्धा नाही.

त्याने पाय चिखलात ठेवला. वर जांभळीवर तीन बोडकी डोकी घरट्याच्या काठावर आली होती. तिघांनी चोची उघड्या टाकल्या होत्या. त्यांना नियम माहीत नव्हता. त्यांना भूक लागली होती.

"केलं होतं," केरबा म्हणाला. "साहेबांनी पाचही वेळा साफ केलं. दोनदा जागेपणी आणि तीनदा झोपेत."

"झोपेत?" खिदळे किंचाळला. "झोपेत कधी काम होतं का?"

"त्यात काय?" रानडुक्कर मनापासून म्हणालं. "आमच्या समितीचं सगळं कामकाज तसंच होतं."

कासवाने मोराकडे पाहिलं. मोराने छाती काढून सांगितलं, की होय, समितीच्या बैठकांबाबत हे खरं आहे आणि त्याची लेखी नोंद आहे. कासवाने थोडा विचार केला. झोपेत काम होत नाही म्हणावं, तर त्याच्या स्वतःच्या वीस वर्षांच्या पंचगिरीचं काय झालं असतं?

"गोळ्या चांगल्या," कासव म्हणालं. "तीन विरुद्ध दोन. डोह धावडबनाचा." आणि मान आत घेतली.

मग काय विचारता! खवलेसाहेबांची मिरवणूक निघाली. ते उठेनात, म्हणून त्यांना घरंगळतच नेलं. मोराने भाषणात सांगितलं, की साफसफाईचा गुण काढ्यासारखा असतो, जरा उशिरा येतो, पहिल्या दोन गोळ्यांना आला नाही आणि पुढच्या तिन्हींना एकदम आला. सिंहमहाराजांनी साहेबांना धावडबनभूषण केलं. पुढच्या वर्षापासून पिस्तूल रोज बावीस वेळा साफ होईल, असं जाहीर झालं. मुंग्यांच्या वारुळातही आनंदीआनंद होता, असं म्हणतात, कारण त्यांना एक कायमचं घर मंजूर झालं होतं.

केरबाचा सत्कार करायचं राहून गेलं. तो तेव्हा डोहात उभा होता.

सुंद्री खाली उतरली. "अहो," ती हळूच म्हणाली, "त्यांनी झोपेत साफ केलेलं मला कसं दिसलं नाही?"

केरबाने पाण्यात चोच मारली, एक चांदणीसारखा मासा वर काढला आणि तिच्यापुढे धरला.

"आधी धाकट्याला दे," तो म्हणाला. "त्याचे पंख मागे पडलेत."

तात्पर्य: बाळांनो, स्पर्धेचं पिस्तूल किती वेळा साफ करावं? विचारणारा जेवढा मोठा, तेवढ्या वेळा. आणि नेम लागलाच, तर तो आपला होता असं घरीसुद्धा सांगू नये.