मोहरीलकाका आणि जुना पाहुणा

सगळ्यात आधी नाव घेते मोहरीलकाकांचं. वणीच्या एका लहानशा लॅबमध्ये ते रक्त काढतात, आणि समोरच्याचं नाव विचारायच्या आधी विचारतात, "घरी मांजर आहे का?"

डोळा सुजलेल्या एका ट्रकवाल्यालाही त्यांनी हेच विचारलं.

"मांजर नाही, बायको आहे," तो म्हणाला.

"तिच्यानंही डोळा सुजू शकते. पण मी शोधून राह्यलो ते येगळं. हात दे."

काका शोधतात तो टोक्सोप्लाझ्माचा जंतू. मांजराच्या घाणीतून तो मातीत जातो, मग न धुतलेल्या भाजीतून नाहीतर कच्च्या राहिलेल्या मटणातून आपल्या पोटात. काका त्याला 'पाहुणा' म्हणतात. गरोदर बायांच्या नळ्या एका स्टँडात, डोळेवाल्यांच्या दुसऱ्यात, अंगात ताकद न उरलेल्यांच्या तिसऱ्यात. मी विचारलं, "काहून काका, रक्त तर सगळ्यांचं लालच."

"पाहुणा एकच आहे बेटा, पण घर पाहून वागते. धडधाकट माणसाच्या घरी निमूट बसते. कमजोराच्या घरी भांडे फोडते."

मी सातवीतून शाळा सोडलेली. नवरा कोळशाच्या ट्रकवर, माहेर दूर दिग्रसकडच्या तांड्यावर. गेल्या साली माझं एक लेकरू पोटातच गेलं होतं. या वेळी पुन्हा दिवस गेले आणि डॉक्टरबाईंनी ही तपासणी लिहून दिली, तेव्हा काकांपुढं मी हात पदराखालीच धरून बसले. काका म्हणाले, "घाबरायचं काम माझ्याकडं. तुझ्याकडं फक्त हात." हे ते सगळ्यांनाच म्हणतात, पण मला ते माझ्यापुरतंच वाटलं.

रिपोर्ट आणायला मी एकटीच गेले. कागदावर 'पॉझिटिव्ह' दिसलं. कोरोनात या शब्दानं आमच्या तांड्यावर लोकांना घरात कोंडलं होतं. मी तिथंच खाली बसले. हेही गेलं, असंच वाटलं.

काका टेबलामागून धावत आले. "अवं पोरी, खालची ओळ कोण वाचन? जुना पाहुणा पॉझिटिव्ह, नवा निगेटिव्ह! तो कवाचाच येऊन गेला. तुह्या अंगानं त्याले वळखून ठेवलं. आता लेकराले त्याचा धाक नाही." तरी त्यांनी मला तसं जाऊ दिलं नाही. समोरच्याच दवाखान्यात डॉक्टरबाईंकडे घेऊन गेले. त्याही तेच बोलल्या, तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला.

मी याडीला, म्हणजे माझ्या आईला, फोन लावला. पण रडूच थांबेना. तिकडं याडी घाबरली. काकांनी फोन हातातून घेतला आणि पेशंटांकडून शिकलेल्या मोडक्या गोरबोलीत, म्हणजे आमच्या बंजारा बोलीत, ओरडले, "याडी, तारी छोरी आछी छ!"

पलीकडून याडी म्हणाली, "हा कोण म्हातारा मले याडी म्हणून राह्यला?"

मी रडता रडता हसले. काकाही हसले. मग फोन परत देताना, चष्मा पुसत, हळूच म्हणाले, "बरं वाटलं वं. घरी मी एकटाच. आई म्हणायले कोणी उरलंच नाही मले."

काका, माझं बाळंतपण नीट होऊ द्या. मग मी तुम्हाला आमच्या तांड्यावर नेणार. याडीच्या चुलीपुढं बसा, आणि वाटेल तितक्या वेळा तिला हाक मारा. ती ओ देईल, हा माझा शब्द.