अख्ख्या दाण्याच्या अक्षता

दुपारी साडेबाराच्या मुहूर्ताला एक तास उरला होता. पिपलानीच्या त्या छोट्या सभागृहात तेव्हा पाच किलो तांदूळ होता, दोन वाट्या कुंकू, सत्तर कागदी पुड्या आणि तांदळाला कुंकू लावायला बसवलेली एक ऋचा. ऋचा नुकतीच रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाली होती आणि नवरी शर्वरी तिची थोरली बहीण होती.

"काकू, क्षत म्हणजे तुटलेलं. अक्षत म्हणजे न तुटलेलं! म्हणून अक्षता. दाणा अख्खा, तसा संसार अख्खा!"

नागपूरहून आलेल्या मनोरमाकाकूंनी चिमूटभर तांदूळ चष्म्याजवळ नेला. "अन् हे काय आहे मग?"

ऋचाने शंभर दाणे मोजले. एकसष्ट तुटके निघाले.

"अगं माय! पोरीच्या डोक्यावर कणी टाकता काय?"

"काकू, मी फक्त शब्दाचा अर्थ सांगितला."

"सांगितला ना? माहीत नव्हतं तोवर चालत होतं!"

पाच बायका तांदूळ निवडायला बसल्या. तेवढ्यात मिसरोदहून वऱ्हाड आलं. दारातच वरमाय कांचनताई थबकल्या.

"अरे, अजून चावलच निवडून राहिले? मग जेवण बनणार कधी?"

त्यांच्यामागच्या एका काकांनी एवढंच ऐकलं आणि लगेच समोसे कुठे मिळतील याची चौकशी सुरू केली. शालू नेसलेल्या शर्वरीने खोलीतून डोकं बाहेर काढलं.

"ऋचे, मुहूर्त टळला तर तुला सोडणार नाही हां!"

ऋचाने घड्याळ पाहिलं. "ताई, या वेगाने तुझं लग्न साडेचारला लागेल."

काकू उठल्या आणि तडक आचाऱ्याकडे गेल्या.

"भैया, मसालेभाताचा तांदूळ कोणता?"

"बासमती, माताजी. पूरा पाँच किलो."

"भिजवला?"

"अभी नहीं."

"मग तो इकडे द्या. अन् हा घ्या."

"माताजी, ये तो टुकड़ा है!"

"पोटात चालतो. डोक्यावर नाही चालत!"

बासमतीला कुंकू लागलं, पुड्या भरल्या, धावतपळत वाटल्या. शेवटच्या 'सावधान'ला अंतरपाट खाली आला तेव्हा मुहूर्ताचंच मिनिट चालू होतं. लांबसडक गुलाबी दाण्यांचा पाऊस पडला. कांचनताईंनी पदरातला एक दाणा उचलून निरखला.

"वा! आमच्याकडे कोणी इतका महाग नाही फेकत!"

मग पंगत बसली. सत्तर पाहुण्यांपैकी त्रेपन्न जणांनी मसालेभात पुन्हा मागून घेतला.