तारीख बोला!

सहस्रबुद्धेकाकांना शब्द द्यायला आमच्या रस्त्यावर कुणी धजत नाही. "काका, उद्या सकाळी तुमच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ मी शोव्हल करतो," असं मी एकदा बोलून गेलो. "किती वाजता?" काका म्हणाले. "आणि तेव्हा तू जागा असशील कशावरून?" दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी उठेपर्यंत काकांनी त्यांचा आणि वर माझाही ड्राइव्हवे साफ करून टाकला होता.

काका इथले, कॅनडातल्या विनिपेगचे, जुने रहिवासी. जन्मभर विजेच्या कंपनीत इंजिनिअर, आता रिटायर्ड, काकू गेल्यापासून एकटे. विजेच्या बाबतीत महाकंजूष. थर्मोस्टॅट इतका खाली, की पाहुण्यानं जॅकेट काढायची सोय नाही. दारातली जुनी लाल गाडी मात्र हिवाळाभर प्लगला लावलेली. इथल्या थंडीत इंजिन गोठू नये म्हणून सगळेच लावतात, पण ही गाडी कुणी चालवतच नाही. "काका, ही उधळपट्टी कशाला?" असं विचारलं की काका म्हणतात, "आणखी चहा घेतोस?"

त्यांचा खरा छंद म्हणजे टीव्हीवरचे युरोपातले पुढारी. हवामान बदलावर कुणी सूटवाला बोलू लागला, की काका पुढे सरकून बसतात. "तारीख बोला, साहेब, तारीख!" साहेब म्हणतात, दोन हजार पन्नासपर्यंत धूर निम्म्यावर आणू. "घ्या! तेव्हा हा खुर्चीत नाही आणि मी फोटोत. बोलाचीच कढी, बोलाचाच भात." पूर्वी काका चिडायचे. हल्ली नुसते हसतात, दमलेलं हसू. मलाही आता वाद घालायचा कंटाळा येतो. पृथ्वी तापतेय हे आम्हा दोघांनाही मान्य आहे, पण शब्द पाळणारा कुणी दिसत नाही.

गंमत म्हणजे काकांची एकुलती एक मुलगी, अनघा, ब्रसेल्सला याच कामात आहे. साहेब लोक वाचून दाखवतात ती वचनं तिच्या ऑफिसात लिहिली जातात. गेले काही हिवाळे तिला घरी यायला जमलेलं नाही.

त्या डिसेंबरात मी काकांकडे बसलो असताना तिचा फोन आला. काकांना कमी ऐकू येतं, म्हणून फोन स्पीकरवर.

"बाबा, या वर्षी नाही जमत. कॉन्फरन्स आहे. बट नेक्स्ट विंटर, फॉर शुअर. आय प्रॉमिस."

मी कान टवकारले. आता काका तारीख विचारणार!

"ये हो, बाळा," काका म्हणाले. "तुझी गाडी तयार आहे. एका किल्लीत सुरू होईल बघ."

फोन ठेवून त्यांनी कानटोपी चढवली आणि बाहेर गेले. खिडकीतून पाहिलं, तर प्लग नीट बसलाय का हे ते वाकून बघत होते. मग हातमोज्यानंच लाल गाडीच्या काचेवरचा बर्फ झाडायला लागले. इतके दिवस मी त्या गाडीवरून थट्टा करत होतो.

बूट घातले, दाराशी ठेवलेला ब्रश उचलला आणि गाडीच्या दुसऱ्या बाजूनं मीही झाडायला लागलो.