मिरजोळ्याच्या बोर्डधुलाईची मोहीम

श्री. आंजर्ल्याच्या कड्यावरून सकळ मुलूख न्याहाळणाऱ्या गजाननास स्मरोन, आणि ज्या कारखान्याचे मीठ खाल्ले त्याशी इमान राखोन, शके एकोणीसशे सात, क्रोधननाम संवत्सरी, रत्नागिरी प्रांती मौजे मिरजोळे येथे बोर्ड धुण्यावरून जे रण माजले, त्याची हकीकत घडली तैसी लिहिली असे. पदरची भर घातली असल्यास ती मिठाइतकीच जाणावी.

राजश्री महिपतराव मुंबईस रेडिओच्या कारखान्यात बारा वर्षे चाकरी करोन मुलखी परतले आणि पत्र्याचे छप्पर उभारोन टीव्हीच्या स्टॅबिलायझरचे बोर्ड जोडू लागले. पदरी अकरा स्त्रियांचे पथक, आणि पथकाची सरदारी मिरकरवाड्याच्या राहीबाईकडे. राहीबाई पूर्वी मासळीच्या कारखान्यात बर्फातली कोळंबी सोलीत असे, आणि बर्फाने बोटे फुटोन तीस भाताचा घास घेणेही जड जात असे. येथे बसावयास स्टूल, डोईवर पंखा, आणि हात कोरडे. राज्यपद म्हणतात ते याहून निराळे असेल ऐसे तीस कदापि वाटले नाही.

परंतु जोडकामात कथलाचा डाख बसावा म्हणोन राळ वापरावी लागे, आणि ती बोर्डावर मागे उरली तर दमट हवेत भलत्या वाटेने वीज झिरपे. ऐसियास पहिली खेप स्पिरिट आणि ब्रश यांनी धुवोन, तपासनीस दादू यांनी बोर्ड न बोर्ड तपासोन, ठाण्याच्या कंपनीस रवाना केली. कंपनीने ती परीक्षेस्तव आपल्या दमट हवेच्या पेटीत कोंडली आणि नापास करोन परत धाडिली. मग दादूंनी मसलत दिली की स्पिरिट हे बायकी हत्यार, मुंबईहून जालीम द्रावण आणवावे. द्रावणाचे पिंप आले आणि त्याच्या वाफेने दोघी जणी भोवळ येवोन अंगणात बसल्या, परंतु बोर्ड आरशासारखे निघाले, आणि दादूंनी मिशीवरून हात फिरवोन दुसरी खेप पास केली. तीही परतली. सोबत खलिता की, तिसरी खेप नापास जाहल्यास जोडकाम ठाण्यास हलविण्यात येईल.

खलिता वाचला गेला तेव्हा राहीबाईच्या बोटांत बर्फाची कळ उठली. ती घाबरली, आणि घाबरल्याचे तिने पथकास दिसू दिले नाही.

येथे पास आणि ठाण्यास नापास, तेव्हा मधल्या वाटेत फितुरी असणार, ऐसे दादूंचे ठाम मत पडले. त्यावरून महिपतराव स्कूटरवर स्वार होवोन हातखंब्याच्या नाक्यावर ट्रकवाल्याची जबानी घेण्यास गेले, दोन चहा प्याले, आणि ट्रकवाला भला माणूस असल्याची खबर घेवोन परतले. मग त्यांनी तिसरी तजवीज मांडिली ती गरम पाण्याची, आणि अंगणात चूल पेटवोन त्यावर न्हाणीघरातील तपेले चढविले.

इकडे राहीबाई परत आलेल्या पेट्या पुन्हा धुण्यास्तव उघडू लागली, तो बोर्डांवर मुंग्यांची रांग. राळ खाण्यास मुंग्या आल्याचे कोणत्याही काळी ऐकिवात नाही. तिने नीट पाहिले. प्रत्येक पेटीत बोर्डांचे तीन थर, पैकी वरच्या थरावर थेंबांचे डाग, खालचे दोन्ही थर लख्ख. तिने एका डागास ओले बोट लावोन जिभेवर ठेविले. चव नारळाच्या पाण्याची लागली, आणि ते कोठून आले हे तीस पुसावे लागले नाही.

कारण मातोश्री यमुनाबाई, महिपतरावांच्या जननी, यांचा शिरस्ता ऐसा होता की, दर खेपेस पेट्या बंद होण्यापूर्वी त्यांनी नारळ फोडावा, देवास गाऱ्हाणे घालावे, आणि आंब्याच्या पानाने नारळाचे पाणी उघड्या पेट्यांवर शिंपडावे. दादूंनी कबूल केले की नारळाच्या पाण्यात क्षार असतात आणि दमट हवेत त्यांतून वीज वाहते. महिपतरावांनीही कबूल केले. मग आईस सांगावे कोणी, हा प्रश्न निघताच दादूंस गोदामात काम आठवले आणि महिपतराव चूल फुंकण्यास गेले, जी आधीच भडकली होती.

राहीबाई एकटी माजघरात गेली.

"म्हणजे माझ्या नारळानं घात केलान, असं म्हणतेस?" यमुनाबाईंनी विचारिले.

"नाय, आई. नारळ फोडा, गाऱ्हानं पन घाला. फकस्त आमी धुवायच्या आदी घाला."

"आणि मग तू धुतलंस की आशीर्वाद गेला गटारात."

राहीबाई म्हणाली, "बारशाच्या दुसऱ्या दिशी पोराला न्हायला घालतो, म्हनून त्याचं नाव जातंय काय वाहून?"

यमुनाबाईंनी स्वहस्ते सात नातवंडे न्हाऊ घातली होती. त्यांनी पानाचा डबा उघडला, बंद केला, आणि हुकूम सोडिला की उद्यापासून नारळ आधी.

तेव्हा धुलाईची अखेरची योजना राहीबाईने ठरविली. आधी स्पिरिट आणि ब्रश, राळ काढण्यास. मग गरम पाणी, नारळाचे क्षार काढण्यास, आणि तेही विहिरीचे नव्हे, बॅटरीत घालतात ते शुद्ध. मग पुन्हा स्पिरिटात बुडी, की पाणी उडोन जावे, कारण श्रावणात जेथे गोधड्या वाळेनात तेथे बोर्डांची काय कथा. दादूंच्या द्रावणाचे पिंप यंत्रांचे तेल पुसण्याकडे नेमिले, आणि दादूंनी तो आपला सन्मान मानिला.

तिसरी खेप गेली. आठ दिवस राहीबाईस अन्न गोड लागले नाही. नवव्या दिवशी तार आली की सर्व बोर्ड पास, वर्षभराचे काम मंजूर, धुलाईची रीत कलमवार लिहोन धाडावी. महिपतराव लिहावयास बसले आणि पहिल्याच कलमापाशी अडले. ते गाळावे ऐसे त्यांच्या मनात आले. राहीबाईने सांगितले की जे करतो तेच लिहावे, उद्या कोणी विचारले तर लपवायला नको. त्यांनी लिहिले.

ठाण्याहून कागद शिक्क्यासह परत आला तो यमुनाबाईंनी लेकाकडोन दोनदा वाचोन घेतला. येणेप्रमाणे भाद्रपद शुद्ध पंचमीस मोहीम फत्ते जाहली, अकरा जणींची रोजी कायम जाहली, आणि ठाण्याच्या इंजिनीअरसाहेबांचा हुकूम दफ्तरी दाखल जाहला तो ऐसा: कलम एक, नारळ फोडणे. कलम दोन, स्पिरिट व ब्रश. कलम तीन, गरम शुद्ध पाणी. कलम चार, पुन्हा स्पिरिट. सदर रीत मंजूर असून, आमच्या लेखी परवानगीवाचून यांपैकी एकही कलम वगळल्यास माल स्वीकारला जाणार नाही.